वतनावर सोडलेले पाणी

२२ एप्रिल २०२५ रोजी संग्राम थोपटे यांनी मुंबईत भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. त्यांचे वडील अनंतराव थोपटे भोरचे सहा वेळा आमदार आणि राज्यात मंत्री. संग्राम स्वतः २००९, २०१४ आणि २०१९ असे लागोपाठ तीन वेळा काँग्रेसचे आमदार. दोन पिढ्या भोरमध्ये काँग्रेस म्हणजे थोपटे, असेच समजले जात होते. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत ते सुमारे साडेएकोणीस हजार मतांनी पडले आणि त्यानंतर पाच महिन्यांत, नगरपालिका, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका समोर असताना, घराण्याचा पक्ष सुटला. मतदारसंघाचा विकास, कार्यकर्त्यांचा आग्रह आणि पक्षाकडून न मिळालेला न्याय ही कारणे त्या सुमारास पुढे आली. अशा वेळी महाराष्ट्रात निष्ठा आणि फितुरी हे शब्द लगेच निघतात, आणि त्यांच्यामागोमाग कान्होजी जेधे आणि खंडोजी खोपडे ही दोन नावे. ही दोन्ही नावे भोरचीच. कान्होजींचे कारी भोर तालुक्यात, खंडोजींचे उत्रौळीही भोर तालुक्यात. म्हणून या मुलखातल्या पक्षांतराचा विचार इथल्याच जुन्या कागदांच्या उजेडात करायला हवा. ते कागद नीट वाचले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. माणसाने बाजू बदलली की नाही, एवढ्यावर या मुलखाने कधी निवाडा केलेला नाही. बाजू बदलताना त्याच्या वतनाचे काय झाले, यावर केला आहे. ते त्याने आधी पणाला लावले की ते वाचवण्यासाठीच तो गेला, हा खरा प्रश्न होता आणि आजही आहे.

सन १६५९ मध्ये अफझलखान विजापुराहून निघाला तेव्हा मावळच्या देशमुखांना आदिलशाही फर्माने आली. कान्होजी जेध्यांना आलेल्या फर्मानाची तारीख १६ जून १६५९. मजकुराचा आशय सरळ होता: खानाला सामील व्हा, म्हणजे वतन राहील; नाहीतर जाईल. आज आपण कान्होजींना स्वामिनिष्ठेचे प्रतीक म्हणून पाहतो, तेव्हा एक गोष्ट नजरेआड होते. त्या दिवशीच्या कायद्याने पाहिले तर स्वामी विजापूरचा बादशहा होता. कान्होजींची रोहिडखोऱ्याची देशमुखी त्याच दरबाराच्या मान्यतेने चालत होती. शिवाजी महाराज तेव्हा त्या दरबाराच्या दृष्टीने एका सरदाराचा बंडखोर मुलगा होते. कान्होजी शहाजीराजांचे माणूस. राजांबरोबर कैदेत पडले आणि सुटल्यावर राजांच्याच सांगण्यावरून शिवाजी महाराजांकडे आले. म्हणजे फर्मान हाती असताना ते राजगडावर गेले आणि महाराजांच्या बाजूला उभे राहिले, ही राजसत्तेच्या हिशेबाने उघड फारकत होती. जेधे करिना, म्हणजे त्या घराण्याची जुनी हकीकत, सांगतो त्याप्रमाणे ते मुलांना घेऊन महाराजांना भेटले, फर्मान पुढे ठेवले, आणि वतन जाईल असे महाराजांनी स्वतःच त्यांच्या लक्षात आणून दिले. तेव्हा कान्होजींनी वतनावर पाणी सोडले. मग बायकामुले सुरक्षित जागी तळेगावास हलवली गेली आणि मग कान्होजींनी इतर देशमुखांना एकत्र केले. या क्रमाला फार महत्त्व आहे. पाणी आधी सुटले, फौज नंतर उभी राहिली.

यावर असे म्हणता येईल की वतन पुढे जेध्यांकडेच राहिले, मग त्यागाचे एवढे काय? पण जून १६५९ मध्ये प्रतापगडचा नोव्हेंबर, खानाचा शेवट, कोणालाच दिसत नव्हता. खानाची फौज मोठी होती, मावळातले काही देशमुख त्याला जाऊन मिळाले होते, आणि महाराजांचा पराभव झाला असता तर कारीच्या वाड्याची वीटही राहिली नसती. निर्णयाची किंमत तो घेतला त्या दिवशी मोजायची असते. निकाल लागल्यावर मोजली तर प्रत्येक विजयी माणूस शहाणा ठरतो आणि प्रत्येक पराभूत माणूस मूर्ख.

उत्रौळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. त्यांचाही हिशेब वतनाचाच होता. खान पडल्यावर ते लपले, शेवटी नातेसंबंधांतून कान्होजींकडे रदबदली करवली, आणि कान्होजींच्या शब्दाखातर महाराजांनी जीवदान दिले. मात्र पुढे उजवा हात आणि डावा पाय तोडण्याची शिक्षा झाली. शिक्षा कठोर होती आणि ती साऱ्या मावळाने पाहावी म्हणूनच होती. पण याच गोष्टीत रदबदली करणारा जेधे आहे, हे विसरता कामा नये. खोपडे त्याच्या दृष्टीने परका नव्हता. दोघेही देशमुख, दोघांपुढेही तोच पेच. कान्होजींना खंडोजींची भीती आतून ठाऊक होती, म्हणून ते त्यांच्यासाठी बोलले. आणि जेध्यांच्या घरात हा पेच पुढेही आलाच. संभाजी महाराजांच्या काळात कान्होजींचे पुत्र सर्जेराव जेधे मोगलांकडे गेल्याबद्दल महाराजांनी त्यांची कडक कानउघाडणी केली. वतनदार म्हणवता, इतकी वर्षे स्वामींचे अन्न खाल्ले, आणि आता परक्यांकडे जाता, असा त्या पत्राचा सूर आहे. ज्या घराने १६५९ मध्ये पाणी सोडले त्याच घराला पंचवीस-तीस वर्षांत ही समज ऐकावी लागली. निष्ठा रक्तातून उतरत नाही, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मावळात सापडणार नाही. थोपटे घराण्याच्या निष्ठेविषयी बोलताना, तिच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आणि विरोधात बोलणाऱ्यांनीही, हे लक्षात ठेवावे.

कारण शोधायचे तर ते घराण्यात न शोधता व्यवस्थेत शोधावे लागते, आणि ते रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात अचूक सांगून ठेवले आहे. वतनदार म्हणजे राज्यातले छोटे राज्यकर्तेच. बाहेरून परचक्र आले की वतनाच्या लोभाने ते आधीच जाऊन शत्रूला भेटतात, असा त्यांचा इशारा आहे. अमात्य हे लिहीत होते ते पुस्तकी ज्ञानावर नाही. राजाराम महाराज जिंजीला असताना महाराष्ट्राचा कारभार अमात्य आणि शंकराजी नारायण सचिव यांनी पाहिला, आणि त्याच काळात मोगलांकडे गेलेल्या सरदारांना परत आणण्यासाठी वतने आणि इनामे द्यावी लागली. राज्य वाचवण्यासाठी दुसरा मार्ग उरला नव्हता, हे मान्यच केले पाहिजे. पण त्यातून एक शिकवण पसरली: आधी सोडून गेलात तर परत येण्याची किंमत मिळते. शिवाजी महाराजांनी शक्य तिथे रोख पगार दिला, वतनदारांचे बुरुजबंद वाडे पाडायला लावले, त्यामागे हीच जाण होती. वतनावर पोसलेला माणूस कोणाच्या तरी पायाशी बांधलेला असतो, आणि वतन ज्याच्या हातात त्याच्याकडे तो ओढला जातो.

१७०७ मध्ये हा प्रश्न भोरच्याच दारात उभा राहिला. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि ताराबाई व शाहू असे दोन पक्ष पडले. ऑक्टोबरमध्ये खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंकडे गेले, आणि वाऱ्याची दिशा कळताच एकामागून एक माणसे वळली. शंकराजी नारायण, ज्यांच्यापासून भोर संस्थानाचे पंत सचिव घराणे सुरू होते, त्यांनी ताराबाईंशी शपथ वाहिली होती. शाहूंचे सैन्य जवळ आले तेव्हा त्यांनी शपथही मोडली नाही आणि लढाईही केली नाही. त्यांनी देह ठेवला; आंबवडे येथे त्यांची समाधी आहे. त्यानंतर शाहूंनी सचिवपद त्यांच्या लहान मुलाला, नारो शंकर यांना दिले, आणि हे घराणे ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत भोरवर राहिले. म्हणजे पित्याने शपथ पाळली आणि वतन तरीही मुलाला मिळाले. काही जण याला चतुराई म्हणतील. मला तसे वाटत नाही. मेलेल्या माणसाला सौदा करता येत नाही. पण हेही खरे की १७०७ मध्ये ज्या पेचातून सुटायला शंकराजींना मरण हाच एक मार्ग दिसला, त्या पेचाचे नाव वतन होते. ज्यांच्याकडे वतन नव्हते त्या मावळ्यांपुढे हा पेचच नव्हता. आंबवड्यातच कान्होजी जेध्यांचीही समाधी आहे. एकाच गावात विसावलेल्या या दोघांनी एकाच प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे दिली.

आता या वतनाच्या आजच्या रूपाकडे, साखर कारखान्याकडे यावे. सहकारी कारखाना, दूध संघ, बँक, शिक्षणसंस्था, बाजार समिती ही आजची वतने आहेत असे मी म्हणतो, तेव्हा ती सहकाराची निंदा नाही. १९५० च्या सुमारास प्रवरेला उभा राहिलेला सहकारी कारखाना आणि त्यानंतर राज्यभर पसरलेली चळवळ ही महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाची खरी कमाई आहे. पण तिच्या रचनेत एक दुबळा सांधा राहिला. कारखाना सभासदांचा, पण त्याची पत सरकारची. ऊस कमी पडला, दर पडला, व्याज थकले की नवे कर्ज लागते. ते राष्ट्रीय सहकार विकास निगमाकडून मिळवायचे तर राज्य सरकारची शिफारस आणि थकहमी लागते. आणि ती द्यायची की नाही हे मंत्रालयात ठरते. थोपटे यांच्या निगडे येथील राजगड सहकारी साखर कारखान्याचे असेच झाले. २०२४ मध्ये कारखान्याच्या सुमारे ८० कोटींच्या कर्जाचा वाद न्यायालयापर्यंत गेला. तेव्हा संग्राम थोपटे विरोधी आघाडीत होते आणि त्यांनी लोकसभेला सुप्रिया सुळे यांचे काम केले होते. कर्ज कोणत्या हेतूने अडले याचा निवाडा इथे करण्याची गरज नाही. इतके पुरे आहे की तो हेतू राजकीय असू शकतो असे सर्वांना वाटते, आणि तसा तो असता तरी त्याला आधीच रोखणारा नियम दिसत नाही. आदिलशाही फर्मान हेच सांगत होते की वतन आमच्या मर्जीवर आहे. मर्जी दाखवण्याची पद्धत बदलली, मर्जी राहिली.

इथे गंभीर आक्षेप येतो. देशमुखी वंशपरंपरेने येते, आमदारकी मतांनी. सतराव्या शतकातल्या सरंजामदाराची मापे आजच्या लोकप्रतिनिधीला लावणे अन्याय आहे. शिवाय पक्ष म्हणजे धनी नव्हे. लोकशाहीत मत बदलण्याचा हक्क असतो, आणि भोरच्याच मातीत त्याचे उत्तम उदाहरण आहे. कान्होजींच्या कुळातले केशवराव जेधे ब्राह्मणेतर चळवळीतून काँग्रेसमध्ये आले, महाराष्ट्र काँग्रेसचे अध्यक्ष झाले, १९४८ च्या सुमारास शंकरराव मोरे यांच्यासह काँग्रेस सोडून शेतकरी कामगार पक्ष उभा केला, आणि पुढे पुन्हा काँग्रेसमध्ये गेले. १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या स्थापनेची सभा त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाली. एका आयुष्यात एवढे फेरे, तरी केशवरावांना कोणी फितूर म्हणत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो माझ्याच मुद्द्याला बळ देतो. केशवरावांनी काँग्रेस सोडली तेव्हा काँग्रेस देशाच्या आणि मुंबई राज्याच्या सत्तेवर होती; तिच्यातून बाहेर पडून त्यांना काही मिळणार नव्हते, गमवायचे मात्र होते. शेतकऱ्याचा प्रश्न काँग्रेस सोडवणार नाही असे त्यांचे मत झाले होते, ते त्यांनी उघड मांडले, त्यावर नवा पक्ष काढला. परतले तेव्हाही त्यांच्यावर टीका झाली, ती वादाच्या पातळीवर झाली. त्यांच्या फेऱ्यांच्या मुळाशी एक प्रश्न होता, एखादा कारखाना नव्हता. म्हणून माप सतराव्या शतकाचे असो वा विसाव्याचे, ते एकच राहते: जाताना काय सोडले.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आणि म्हणूनच अधिक बोचरा आहे. भोर-वेल्हे डोंगराळ, पावसाचा प्रदेश, पण पाणी राहत नाही. पुणे जवळ, पण रोजगार दूर. असा तालुका विरोधी पक्षात बसून चालत नाही, सत्तेबरोबर राहिले तरच निधी येतो, असे अनेक जण मनापासून म्हणतात. त्यांच्या अडचणीची थट्टा करू नये. पण हा दावा पुराव्याने तपासता येतो, आणि पुरावा या तालुक्यांत पाण्याच्या रूपाने साठलेला आहे. भाटघर धरण १९२८ मध्ये पुरे झाले; त्याची साठवण सुमारे साडेतेवीस टीएमसी, आणि त्यावरचे नीरेचे कालवे खाली पुरंदर, बारामती, फलटण, माळशिरसच्या उसाला पाणी देतात. पुढे भोरमध्येच नीरा देवघर झाले, जवळपास पावणेबारा टीएमसीचे. वेल्ह्यात, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात, पानशेत सुमारे साडेदहा आणि वरसगाव पावणेतेरा टीएमसीच्या आसपास. या दोन्हींचे पाणी पुण्याची तहान भागवते. मतदारसंघात मोडणाऱ्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तरी टाटांचे धरण झालेच. या धरणांच्या कोरड्या काठावरची गावे पिढ्यान्पिढ्या पाण्यासाठी झगडत आली. आणि यांतल्या बहुतेक काळात, स्वातंत्र्यानंतरची दशके धरली तर, भोरचा प्रतिनिधी सत्ताधारी पक्षातच होता. सत्तेजवळ असल्याने रस्ता, पूल, सभामंडप मिळतो, हे खरे. पण पाणी कोणाकडे वळवायचे हे ज्या खोलीत ठरते तिथे भोरचा आवाज कधीच मोठा नव्हता, कारण तिथे बसणाऱ्यांचे मतदारसंघ खालच्या अंगाला होते. सत्तेत असणे आणि सत्तेत वजन असणे यांतला फरक भोरने शंभर वर्षे पाहिला आहे.

मतदारांनाही हा फरक कळतो, असे निकाल सांगतात. २०१४ ते २०१९ या काळात राज्यात भाजप-शिवसेनेचे सरकार होते आणि भोरचा आमदार विरोधी बाकावर. निधी नसल्याचा राग मतपेटीत उतरायचा असता, तर तो २०१९ मध्ये उतरला असता. तसे झाले नाही. भोरने विरोधी पक्षाचाच आमदार पुन्हा निवडला. उलट १९९९ मध्ये अनंतराव थोपटे काँग्रेसमध्येच राहिले, शरद पवारांच्या नव्या राष्ट्रवादीत गेले नाहीत, आणि राष्ट्रवादीच्या काशिनाथ खुटवड यांच्याकडून पडले. २००४ मध्ये काँग्रेसच्याच तिकिटावर परत आले. तेव्हा राहिलेला माणूस पडतो आणि गेलेला तरतो, असा सोपा नियम इथून निघत नाही. मार्च २०२४ मध्ये पवार अनंतरावांच्या घरी भेटीला आले, तेव्हा पंचवीस वर्षांपूर्वीची ती निवडणूक सगळ्यांना आठवली. नोव्हेंबरमध्ये मात्र गोष्ट वेगळी घडली. विजयी झालेले शंकर मांडेकर निवडणुकीच्या तोंडावरच ठाकरेंच्या शिवसेनेतून अजित पवारांच्या राष्ट्रवादीत आले होते. म्हणजे त्या लढतीत पक्ष बदललेला उमेदवार जिंकला आणि पक्षात राहिलेला हरला. हरलेला पुढे पाच महिन्यांत तोच रस्ता धरतो, यात नवल वाटण्याचे कारण नाही. मांडेकर मुळशीचे, आणि मुळशीला आपला आमदार हवा होता, हेही त्या निकालामागचे मोठे कारण. पण राजकारणी माणसे निकालातून जो धडा घेतात तो नेहमी सर्वात जवळचा असतो.

पक्षांतरबंदी कायदा इथे उपयोगी पडत नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेली दहावी अनुसूची सभागृहात बसलेल्या सदस्याला लागू होते. मांडेकर पक्ष बदलताना आमदार नव्हते, थोपटेही नव्हते. दोघांवरही या कायद्याचा अंमल नव्हता. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीची सूट काढली, तरी त्यानंतर २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने संपूर्ण पक्ष दुभंगताना पाहिले. कायदा सदस्यत्व धरून बसतो, आणि निष्ठा ज्या ठिकाणी खरोखर बांधली जाते ते ठिकाण सदस्यत्वाच्या बाहेर आहे: थकहमीच्या फायलीत, कर्जाच्या यादीत, संस्थेच्या मान्यतेत. शिवाजी महाराजांनी वतनदाराला शपथेने बांधण्यापेक्षा त्याच्या वाड्याचे बुरुज उतरवले आणि सैन्याचा पगार खजिन्यातून दिला. अवलंबित्वाचे कारणच कमी केले. आजच्या राज्याला तेवढे करता येईल. कारखान्याला थकहमी देण्याचे निकष छापून जाहीर करावेत, कोणत्या कारखान्याला कोणत्या निकषावर हमी मिळाली किंवा नाकारली गेली ते प्रसिद्ध करावे, आणि नाकारल्यास त्यावर मंत्र्याच्या पलीकडच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता यावी. असे झाले तर राजगडच्या सभासदाला आपल्या उसाचे बिल आमदाराच्या पक्षावर अवलंबून नाही, हे कळेल. आमदारालाही आपल्या मतासाठी पक्ष बदलता येईल आणि आपल्या मतासाठीच तो न बदलताही राहता येईल.

आज भोरमध्ये २०२४ च्या लढतीतले पहिले दोन्ही उमेदवार सत्ताधारी आघाडीच्या दोन पक्षांत आहेत. आता नीरा देवघरच्या कालव्याचा, गुंजवणीच्या पाण्याचा, भाटघरच्या काठावरल्या गावांचा प्रश्न सरकारला विरोधी बाकावरून विचारणारा मोठा नेता या तालुक्यांत उरलेला नाही. ते प्रश्न आता सत्तेच्या आतूनच विचारावे लागतील, आणि ज्याची संस्था सरकारच्या हमीवर चालते त्याला ते विचारताना आधी फाईल आठवेल.